पाण्यावरची रेघ आणि कराचीचा तुरुंग

जयपूरहून बोलतोय. इथून समुद्र पाचशे किलोमीटरहून लांब, तरी आजचा विषय समुद्राचाच आहे. सकाळी सेंट्रल पार्कमध्ये आम्हा चार निवृत्तांची चक्कर असते. त्यातले एक बँकवाले, पक्के राजस्थानी, परवा मला म्हणाले, "कर्नलसाहेब, हे मच्छीमार दर वर्षी पाकिस्तानच्या हाती सापडतात. हद्द कळत नाही का त्यांना?"

मी फौजेतला, नौदलातला नव्हे. पण नोकरीतला काही काळ कच्छच्या रणात काढला आहे. म्हणून उत्तर माझ्याकडे आलं.

सरळ सांगायचं तर, जी हद्द ओलांडली म्हणून ही माणसं तुरुंगात जातात, ती हद्द दोन देशांनी मिळून कधी आखलेलीच नाही.

कच्छ आणि सिंध यांच्यामध्ये सर क्रीक नावाची ९६ किलोमीटरची दलदलीची खाडी आहे. भांडण सुरू झालं १९०८ च्या सुमारास, काठावरच्या लाकूडफाट्यावरून. एका बाजूला कच्छचे राव, दुसऱ्या बाजूला सिंध. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे निवाडा मुंबई सरकारने केला. १९१४ चा तो ठराव आणि त्यासोबतचा नकाशा आजही दोन्ही देश पुढे करतात. नकाशावर हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने जाते, म्हणून पाकिस्तान म्हणतं, सगळी खाडी आमची. भारत १९२५ च्या नकाशावर बोट ठेवतो. त्यात हद्द खाडीच्या मधून दाखवली आहे. शिवाय बोटी चालतील अशा पाण्यात हद्द मुख्य प्रवाहाच्या मध्यातून धरायची, हा नियमही आपण सांगतो. पाकिस्तान म्हणतं, इथे बोटी चालतच नाहीत. भरतीला चालतात, हे तिथे उभं राहिलेल्या कुणालाही दिसतं.

१९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या, प्रकरण लवादाकडे गेलं आणि १९६८ मध्ये निकाल आला. रणाचा सुमारे नव्वद टक्के भाग आपल्याला मिळाला. सर क्रीक मात्र त्या निकालात नव्हतीच. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीची मोजणी केली, नकाशे एकमेकांना दिले, आणि गाडी तिथेच थांबली. २ ऑक्टोबर २०२५ ला, दसऱ्याच्या दिवशी, संरक्षणमंत्री राजनाथ सिंहांनी भुजमध्ये पाकिस्तानला सर क्रीकवरूनच इशारा दिला.

आता समुद्राकडे येऊ. दाराची बिजागरी जरा सरकली की दाराची कड कितीतरी सरकते. तसंच इथे आहे. सागरी हद्द सुरू होते खाडीच्या तोंडापासून. तो बिंदू मध्यावर धरायचा की पूर्व काठावर, यावर पुढे २०० सागरी मैलांपर्यंतची रेघ कुणीकडे झुकणार ते ठरतं. खाडीत मिळणार चिखल. खरं मोल मासळीचं, आणि तळाशी असलाच तर तेल-वायूचं.

आणि मासळी तिथे आहे! सिंधूच्या मुखाजवळचं पाणी, कोळंबी, पापलेट. ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटी तिकडे जातात. त्यांच्यावर खलाशी म्हणून आपल्या पालघर जिल्ह्यातली, डहाणू-तलासरीकडची कितीतरी पोरं असतात. बोट मालकाची, वाट तांडेल ठरवणार, खलाशी जाळं ओढणार. काही वेळा इंजिन बंद पडून बोट वाहत जाते. काही वेळा, खोटं कशाला बोला, मासळीमागे मुद्दामही पुढे जातात. पकडल्यावर बोट कराचीला आणि माणसं मलीरच्या तुरुंगात. आपणही त्यांचे मच्छीमार पकडतो. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानात २१७ भारतीय मच्छीमार होते, आपल्याकडे ८१ पाकिस्तानी.

बँकवाले म्हणाले, "मग कायदा काय म्हणतो?" संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचं कलम ७३ असं सांगतं की, दुसऱ्याच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडल्यास, दोन देशांत तसा करार नसेल तर कैद देता येत नाही; हमी घेऊन बोट आणि खलाशी लवकर सोडायचे. दोन्ही देशांनी हा कायदा मान्य केला आहे. पळवाट अशी की किनाऱ्यापासूनच्या १२ सागरी मैलांत हे कलम लागू होत नाही. आणि बोट नेमकी कुठे होती, यावरच तर वाद!

असाच प्रसंग २३ मार्च २००७ ला इराकच्या तोंडाशी घडला. इराणने ब्रिटनचे पंधरा नौसैनिक पकडले. ब्रिटनने सांगितलं, आमची माणसं इराकी पाण्यात १.७ सागरी मैल आत होती. गंमत अशी की इराण आणि इराकमध्ये तिथली सागरी हद्दही ठरलेली नव्हती. तरी तेराव्या दिवशी सगळे सुटले. हद्द आजही तशीच लोंबकळते आहे. म्हणजे माणसं सोडायला रेघ ठरेपर्यंत थांबावं लागत नाही.

आपल्याकडेही सोय आहे. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. शिक्षा संपली, राष्ट्रीयत्व पटलं, की महिन्याभरात घरी पाठवायचं असंही त्यात आहे. तरी २०२५ च्या जानेवारीत, शिक्षा पूर्ण झालेल्या १८३ मच्छीमार आणि नागरी कैद्यांना सोडा, असं भारताला पाकिस्तानला सांगावं लागलं. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती तुरुंगांना भेटी देऊन अशीच प्रकरणं पुढे ढकलायची. तिची शेवटची बैठक ऑक्टोबर २०१३ मधली. ती पुन्हा बसवायला ना नकाशा लागतो, ना मोजणी.

२०२४ च्या मार्चमध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या कैदेत वारला. त्याचा देह वाघा सीमेवरून गावी यायला महिन्याहून जास्त लागला.