पदाहून पत मोठी : चिंतामणराव देशमुख

भांडवलापेक्षा पत मोठी, हे आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जाते. राजकारणात हे सूत्र आचरणारे नाव म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

१४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते गावी त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिज, मग सनदी सेवा, असा प्रवास करीत १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री. त्यांच्याच कारकिर्दीत १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत किमान ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यानेच घातले. लहान बाजारपेठांपर्यंत बँक पोहोचू लागली, ती या दूरदृष्टीमुळे. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच खात्याकडून.

त्याच वर्षी कसोटीचा क्षण आला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचे ठरले. हा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला, असा त्यांचा आक्षेप होता. मुंबईतील गोळीबाराची चौकशी झाली नाही, याचेही त्यांना शल्य होते. जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा देऊन लोकसभेत आपली भूमिका निर्भीडपणे मांडली.

पद गेले, पत वाढली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते निवर्तले.

मुलांच्या हाती पेढी सोपविताना त्यांची ही एक शिकवणही सोपवावी : जे मनाला पटत नाही, त्यावर सही करू नये.