पायाची आग आणि 'येड्याची' गोळी

ऊसनोंदीच्या निमित्ताने शिवारात फिरताना लागणीइतक्याच दुखण्याच्या गोष्टी आमच्या कानी येतात. मागील हंगामात कळंबकडील एका सभासदाच्या ओट्यावर बसलो होतो. दहा वर्षांची साखर; रात्री तळपाय मिरच्या चोळल्यागत पेटायचे. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन लिहून दिली. औषध देणारा पोरगा म्हणाला, ही डिप्रेशनची. झाले! गोळ्या फळीवर. "सायेब, डाक्टरनं आमाला येडंच ठरवलं की!"

येथेच गफलत होते. गोळी मूळची खचलेल्या मनासाठीची खरी. पण 1987 साली अमेरिकेत मधुमेहींवर प्रयोग झाला, त्यात मन ठणठणीत असलेल्यांच्याही पायाची आग हिने कमी झाली. साखरेने शिरा (नसा) खराब झाल्या की त्या खोट्या वर्दी वर धाडत राहतात. मेंदूकडून मणक्यात या वर्दीला दारे लावणारा जणू एक पाटकरी असतो. ही गोळी त्याचा हात बळकट करते. नागीण बरी होऊनही ठणका राहतो, त्यावरही ती देतात. ड्युलोक्सेटिन हे याच कामाचे दुसरे औषध.

गुण सगळ्यांनाच येतो असे मात्र नाही. 2015 साली जगभरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा नुसत्या खोट्या गोळीने होतो त्याहून जास्तीचा, म्हणजे वेदना निम्म्यावर येण्याइतका आराम अमिट्रिप्टिलिनच्या जातीच्या औषधांनी साधारण चौघांत एकाला, तर ड्युलोक्सेटिनसारख्यांनी सहा-सात जणांत एकाला पडला. तोही दोन-चार आठवड्यांनी. चार दिवसांत गोळी फेकणाऱ्याला काय कळणार? खोडव्याला खत टाकून दुसऱ्या दिवशी फुटवे मोजण्यातला प्रकार.

गोळी रात्रीची, थोड्या मात्रेने सुरू करतात. तोंडाला कोरड पडते, गुंगी येते. आपल्याकडे मोटारीची लाईट रात्रीची. गुंगीत विहिरीवर जाणे धोक्याचे, म्हणून पाण्याची पाळी डॉक्टरांना आधी सांगावी. हृदयविकार, काचबिंदू, लघवी अडखळणे असेल तर तेही लपवू नये. आणि गोळी मनाने एकदम बंद करू नये.

आमचे सभासद पुन्हा डॉक्टरांकडे गेले. आग पुरती गेलेली नाही, पण झोप लागते. पायाचा बधिरपणा तसाच आहे, तो या गोळीने जात नाही. तरी गडी खोडव्यात बुडखे छाटायला अनवाणीच उतरतो; गमबूट घ्या म्हणून आमचे भांडण चालू आहे.