गादी रोमची, नेमणूक कोणाची?

पोपचा वारस कोण ठरवतो, असा प्रश्न भिवापुरात मला अनेकदा विचारला जातो. आपल्याकडे बहुतेक मठांत गुरूच शिष्याला गादी देतो, म्हणून तो साहजिकही आहे. रोममध्ये मात्र तशी रीत नाही. पोप म्हणजे मुळात रोम शहराचा बिशप. जो त्या जागी येतो, तो जगभरच्या कॅथलिकांचा प्रमुख ठरतो.

कॅथलिक परंपरा या गादीचा आरंभ येशूचा शिष्य पीटर याच्यापासून मानते. पुढचा लायनस, अनाक्लीटस, क्लेमेंट असा क्रम आयरेनियस या बिशपने इ.स. १८० च्या सुमारास नोंदवला. अनेक इतिहासकारांच्या मते आरंभी रोमची मंडळी काही वडीलधारे मिळून चालवत, एकच बिशप ही पद्धत दुसऱ्या शतकात रुजली. निवडीचे नियम तर फार पुढे ठरले. १०५९ मध्ये पोप निकोलस दुसरे यांनी निवडीत कार्डिनलांना अग्रमान दिला आणि ११७९ मध्ये दोन तृतीयांश मतांची अट आली.

वरची गादी अशी भरली जाई. पण दूरच्या मुलखातले बिशप कोणी नेमायचे? हा वाद थेट आपल्या दाराशी आला होता. ‘पाद्रोआदो’ या व्यवस्थेने पोपांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचा खर्च उचलण्याची जबाबदारी आणि बिशपपदासाठी नाव सुचवण्याचा हक्क दिला होता. पुढे रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी ‘प्रोपागांदा फीदे’ हे स्वतःचे खाते उघडले आणि दोन अधिकार समोरासमोर उभे राहिले.

गोव्यातील दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो या कात्रीत सापडले. जन्माने ब्राह्मण कुळातले हे धर्मगुरू १६३७ मध्ये रोमच्या नेमणुकीने बिशप झाले. विजापूरच्या आदिलशाही मुलखाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, डिचोलीत त्यांनी ठाणे केले. पण गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांचा अधिकार मानला नाही. पोपने नेमलेला बिशप, तरीही परका!

मुंबईत तर १७९४ मध्ये चर्चचीच वाटणी झाली. दोन गोव्याच्या आर्चबिशपकडे, दोन रोमच्या प्रतिनिधीकडे. एकाच शहरातले कॅथलिक दोन बिशपांच्या हुकमतीत वाटले गेले. १८८६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी भारतातील धर्मप्रांतांची रीतसर घडी बसवली. पुढच्याच वर्षी नागपूर धर्मप्रांत झाला, भिवापूर आज त्याच नागपूरच्या कक्षेत येते. मुंबईतली दुहेरी सत्ता मात्र १९२८ पर्यंत टिकली. ती संपवतानाही तडजोड अशी झाली, की आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. ज्यांचा धर्मगुरू नेमायचा, त्या इथल्या माणसांचा पाळीत नंबरच नव्हता.

तो लागला १९५० मध्ये. पोर्तुगालने हक्क सोडला आणि व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल झाले आणि १९६३ मध्ये पोप पॉल सहावे यांच्या निवडीत त्यांनी मत दिले.

८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांना निवडणाऱ्या १३३ कार्डिनलांमध्ये गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव होते. कास्त्रोंना ज्या गोव्याने बिशप मानले नाही, तिथल्याच एका भूमिपुत्राच्या हाती आज पोप निवडण्याची चिठ्ठी असते. गादी तीच राहिली. निवडणारे हात बदलले आणि माझ्या मते या इतिहासातली खरी घडामोड तीच आहे.