मैदानाचाही हिशेब मांडा
मोहल्ल्यातील क्रीडा क्लब सर्वसाधारण घरच्या मुलांना परवडावेत, यासाठी व्यापारी व कारागीर काय करू शकतात?

औरंगपुरा आणि गुलमंडी हा औरंगाबाद शहराचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, जुना आणि गजबजलेला बाजार. एका बाजूला पुस्तकांची व कापडाची दुकाने, दुसऱ्या बाजूला जिल्हा परिषदेचे कार्यालय आणि १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवन संस्थेची शाळा-महाविद्यालये. शाळा सुटली की याच रस्त्यावरून मुलांचे लोंढे घराकडे निघतात. त्यांतील काही क्लबच्या मैदानावर जातात, बरीचशी वडिलांच्या दुकानावर, गॅरेजवर किंवा शिलाईच्या मशीनवर बसतात. कोण कुठे जाणार हे मुलाच्या अंगातील गुणांवर ठरावे, पण ते बहुतेक वेळा घरच्या गल्ल्यावर ठरते. व्यापार-उद्योगाच्या या पानावर खेळाचा विषय घेण्याचे कारण हेच.

खेळ म्हणजे रिकाम्या वेळेचा उद्योग, अशी आपल्याकडे अजून समजूत आहे. वास्तविक महाराष्ट्र शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत निवड झालेल्या खेळाडूला प्रशिक्षणाच्या खर्चाशिवाय हातखर्चासाठी वर्षाला १ लाख २० हजार रुपये ठरवलेले आहेत. परंतु या सर्व सवलतींचा दरवाजा क्लब किंवा शाळेच्या संघातूनच उघडतो. ज्या मुलाला क्लबची पायरीच चढता आली नाही, त्याला या योजनांचा काय उपयोग?

दोन मराठवाड्याची मुले

डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्धच्या कसोटी सामन्यात भारताकडून तिघांनी पदार्पण केले. त्यांत औरंगाबादचा वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दिकी होता आणि बीडला जन्मलेला संजय बांगरही होता. भारताने तो सामना दहा गडी राखून जिंकला. विजयासाठी हव्या असलेल्या मोजक्या धावा काढायला इक्बाललाच सलामीला पाठवले होते. इक्बालच्या वाट्याला ती एकच कसोटी आली, तरी आपल्या गल्लीतून तिथपर्यंत रस्ता जातो, हे शहराला कळले. श्रीरामपूरचा झहीर खान मात्र तरुणपणीच मुंबईच्या क्लबमध्ये गेला आणि तेथून पुढे भारतीय संघात पोहोचला. ज्या गावात क्लब नाही तेथील मुलाला गाव सोडावे लागते, आणि गाव सोडणे प्रत्येक घराला परवडत नाही.

पैसा जातो कुठे?

कोणताही धंदेवाईक माणूस तोटा दिसला की आधी खर्चाच्या वह्या काढतो. क्लबच्या खर्चाचे पाच खाने पडतात : साहित्य, मैदान, प्रशिक्षकाचे मानधन, प्रवास व प्रवेश शुल्क, आणि समारंभ. यांपैकी पहिले चार मुलांसाठी असतात, पाचवा मोठ्यांसाठी.

रात्रीच्या प्रकाशझोतातील टेनिस बॉल स्पर्धा आज गावोगाव होतात. मोठमोठे चषक, रोख बक्षिसे, मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचे शाल-श्रीफळ आणि चौकाचौकात फलक. चार दिवसांत एवढा पैसा उडतो की तेवढ्यात एका मोहल्ल्याची मुले वर्षभर खेळली असती. पाचव्या दिवशी मंडप निघतो आणि मुलांकडे चेंडूही उरत नाही. वर्गणी देणाऱ्या व्यापारी बंधूंनी पावती घेताना एवढेच विचारावे, ‘यातून मुलांच्या हातात काय पडणार?’ हा प्रश्न दहा दुकानांतून विचारला गेला तरी आयोजकांच्या अंदाजपत्रकात फरक पडेल.

दुसरा खाना साहित्याचा. इंग्लिश विलोची बॅट हजारो रुपयांची, काश्मिरी विलोची त्या मानाने बरीच स्वस्त. बारा वर्षांच्या मुलाला दुसरी पुरते. पॅड, हेल्मेट, ग्लोव्हज् प्रत्येकाने विकत घेण्याचे कारण नाही. ही वस्तू क्लबच्या मालकीची ठेवावी, नोंदवहीत लिहून द्यावी आणि हंगाम संपला की परत घ्यावी. मुलांचे पाय वाढतात, बूट लहान होतात. थोरल्याचे चांगले बूट धाकट्याच्या कामी यावेत म्हणून क्लबमध्ये एक कपाट पुरेसे आहे.

क्रीडा साहित्याच्या धंद्याचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. फाळणीपूर्वी या मालाची मोठी पेठ सियालकोट होती. १९४७ नंतर तेथून आलेल्या उद्योजकांनी व कारागिरांनी जालंधर आणि मेरठ येथे नव्याने कारखाने उभे केले. आजही देशातील बहुतेक बॅट, चेंडू व फुटबॉल तेथूनच येतात. तेथून माल आपल्या मुलापर्यंत येताना मध्ये अनेक हात बदलतात. एका क्लबने चार चेंडू घेण्याऐवजी आठ-दहा क्लबांनी मिळून घाऊक मागणी नोंदवली तर हे मधले नफे वाचतात. घाऊक खरेदी कशी करावी हे आपल्या व्यापाऱ्यांना शिकवायला नको.

करातही बदल झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळाच्या साहित्यावरील तसेच कॅरम व बुद्धिबळाच्या पटावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांनाही ५ टक्के दर लागतो. क्लबच्या चिटणिसांनी बिल नीट वाचावे, आणि दुकानदार बंधूंनी कमी झालेल्या कराचा फायदा गिऱ्हाईकाला द्यावा.

संघाचे कपडे बाहेरून तयार मागवण्याची पद्धतही तपासून पाहावी. शहागंज, सिटी चौक, रोशन गेट परिसरात शिलाई, भरतकाम व छपाई करणारे कारागीर आहेत. वर्षाच्या सुरुवातीला दहा क्लबांनी एकत्र काम दिले तर मुलांना स्वस्त आणि कारागिराला मंदीच्या दिवसांत रोजगार, असा दोन्हीकडून लाभ होईल.

कोल्हापूर आणि नागपूरचे धडे

ज्या शहरात खेळ पेठेने सांभाळला त्याचे उत्तम उदाहरण कोल्हापूर. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही तेथील फुटबॉल संघांची नावे. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने भरवते. संघ पेठेचा, म्हणून त्याचा भारही पेठेचा. गल्लीतला दुकानदार वर्गणी देतो, जुना खेळाडू शिकवतो, आणि मुलाच्या वडिलांकडे पैसे आहेत की नाहीत हे कोणी विचारत नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, तो याच मातीतला.

नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. एक चेंडू आणि मोकळी जागा एवढ्या भांडवलावर सुरू झालेले ते काम पुढे देशभर पसरले व त्यातील मुले बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. सुरुवातीला त्यांनी स्टेडियमची वाट पाहिली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

परदेशातही हा प्रश्न व्यापाऱ्यांनी हाती घेतला आहे. कॅनडात टायर व घरगुती सामान विकणाऱ्या ‘कॅनेडियन टायर’ या दुकान-साखळीने २००५ मध्ये ‘जम्पस्टार्ट’ नावाचा निधी काढला. ज्या घराला क्लबची फी किंवा साहित्य झेपत नाही, त्या घरच्या मुलाचा खर्च हा निधी भरतो. आपल्याकडे एवढी मोठी दुकाने नसतील, पण लहान दुकानांची संख्या मोठी आहे.

मोहल्ल्याची क्रीडा भिशी

भिशी आपल्या बाजाराला नवी नाही. त्याच शिस्तीने खेळासाठी वर्गणी काढता येईल. उदाहरणादाखल हिशेब मांडू. पंचवीस दुकानदारांनी दरमहा ३०० रुपये काढले तर वर्षाचे ९० हजार होतात. क्लबात चाळीस मुले आहेत असे धरू. त्यांतील वीस मुले महिना १०० रुपये, दहा मुले ५० रुपये देतील आणि दहा मुलांना काहीच द्यावे लागणार नाही. ही रक्कम वर्षाला ३० हजार. एकूण जमा १ लाख २० हजार.

खर्च असा धरावा : प्रशिक्षकाचे मानधन ६० हजार, साहित्य २५ हजार, प्रवास व प्रवेश शुल्क २० हजार, प्रथमोपचार व विमा ५ हजार, शिल्लक गंगाजळी १० हजार. जागेप्रमाणे आकडे बदलतील. पण प्रशिक्षकाचे मानधन कापून बचत करू नये. मुलगा टिकतो तो प्रशिक्षकामुळे.

यात तीन पथ्ये पाळावीत. पहिले, कोण किती फी देतो हे फक्त खजिनदाराला माहीत असावे. फी माफ असलेल्या मुलांची यादी फलकावर लागली तर दुसऱ्या दिवशी ती मुले येणार नाहीत. आपल्या कारागिराला गरिबी सहन होते, तिचा पुकारा सहन होत नाही. दुसरे, दर महिन्याचा जमा-खर्च मात्र उघड लावावा. तिसरे, जकातीच्या रकमेला हात लावण्यापूर्वी जाणकार उलेमांचा सल्ला घ्यावा, कारण तिचे हकदार ठरलेले आहेत. चषक आणि बॅनर त्यात बसत नाहीत, हे सांगायला फतव्याची गरज नाही.

वेळ, जागा आणि मुली

फी माफ केली म्हणजे काम संपत नाही. कारागिराच्या घरी मुलाचे दोन तास म्हणजे दोन तासांची मजुरी असते. सराव संध्याकाळी पाचला ठेवला तर नेमकी गिऱ्हाईकीची वेळ साधते आणि बाप मुलाला सोडत नाही. फजरनंतर किंवा शाळा सुटल्याबरोबर तासभर सराव ठेवला तर दुकान आणि मैदान दोन्ही चालतात. दुकानदार बापांनीही आठवड्यातून तीन दिवस हा तास मुलाला बक्षीस द्यावा.

जागेचा प्रश्न जुन्या शहरात बिकट आहे. मोकळी जागा दिसली की तेथे बाजार भरतो. औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषदेच्या मैदानावर भरलेल्या फटाका बाजाराला २९ ऑक्टोबर २०१६ रोजी लागलेली आग कोणी विसरलेले नाही. शंभराहून अधिक दुकाने तेथे खाक झाली. बाजारालाच मोकळी जागा पुरत नाही तेथे मुलांना कोण विचारणार? म्हणून शाळांच्या मैदानांकडे वळावे. शाळा सुटल्यावर ती रिकामी असतात. स्वच्छता व देखरेखीची लेखी हमी देऊन क्लबांनी शाळांच्या व्यवस्थापनाशी करार करावेत. गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल आणि विद्यापीठ परिसरातील भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र ही सार्वजनिक पैशाची ठिकाणे आहेत. तेथील निवड चाचण्यांच्या तारखा मशिदीच्या, शाळेच्या आणि दुकानाच्या फलकांवर लागल्या पाहिजेत.

खेळही विचार करून निवडावा. खो-खोला दोन खांब आणि मोकळी जमीन लागते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुलांनी व मुलींनी दोन्ही अजिंक्यपदे मिळवली. मुलींच्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. आपल्या शेजारच्या उस्मानाबादची (आता धाराशिव) खो-खोपटू सारिका काळे हिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मुलींसाठी घराजवळची जागा, दिवसाउजेडी वेळ, महिला प्रशिक्षक आणि कपडे बदलण्यासाठी बंद खोली एवढी सोय झाली तर आई-वडिलांच्या निम्म्या हरकती आपोआप निघून जातात.

सरकारी दरवाजेही ठोठवा

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्याचा नेमबाज स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता. नेमबाजीसारखा महागडा खेळ शिक्षकाच्या घरातील मुलाला या मार्गाने खुला झाला. प्रबोधिनीची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. व्यायामशाळा व क्रीडांगण विकासासाठीच्या अनुदानाचे अर्जही तेथेच घेतात.

मात्र त्यासाठी क्लब नोंदणीकृत असावा लागतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, बँकेत खाते आणि दरवर्षी लेखापरीक्षण या तीन गोष्टी केल्या की मोठी दारे उघडतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील ज्या कंपन्यांना कायद्याने नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, त्यांच्या यादीत खेळाचे प्रशिक्षणही येते. त्यांचा पैसा कागद नीट असलेल्या संस्थेलाच मिळतो. देणगीदारांनीही लक्षात ठेवावे की देणगीवरील प्राप्तिकराची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि २ हजारांवरील रोख देणगीला ती मिळत नाही. चेक द्या, पावती घ्या.

व्यापारी बंधूंनो, दुकान उघडताना आपण पहिल्या वर्षी नफ्याची अपेक्षा करत नाही. मैदानाचेही तसेच आहे. चाळीस मुलांतून एखादाच पुढे राज्याकडून खेळेल. बाकीची एकोणचाळीस निरोगी शरीराने, वेळ पाळण्याच्या सवयीने आणि हरल्यावर पुन्हा उभे राहण्याच्या हिमतीने आपल्याच दुकानात, कारखान्यात, कचेरीत कामाला येतील. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेला आपापल्या गल्लीतील पाच दुकानदारांनी एकत्र बसावे, वही घ्यावी, आणि पहिल्या पानावर वर्गणीच्या आधी त्या मुलांची नावे लिहावीत ज्यांना आज क्लब परवडत नाही.