यादीच्या डोक्यावर काय लिहायचं: एच-थ्री, बोल्ड की आणखी काही?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप, नेहमीसारखं थोडं साफसूफ करून. कोड इथे तोंडीच सांगतोय, सांभाळून घ्या.

प्रश्न अगदी साधा आहे. यादीच्या वर "लागणारी कागदपत्रं" असं जे लिहितो, ते एचटीएमएलमध्ये नक्की कशात लिहायचं?

एक खरं उदाहरण घेऊ. माझा एक मित्र अंध आहे, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. शिष्यवृत्तीच्या एका पानावर दोन याद्या होत्या, एक अर्जदाराच्या कागदपत्रांची, दुसरी पालकांच्या. आधार कार्ड दोन्हीत, फोटो दोन्हीत, उत्पन्नाचा दाखला फक्त दुसरीत. दिसायला पान छान, दोन्ही याद्यांवर ठसठशीत जाड अक्षरात मथळा. त्याने एल दाबलं, कारण एनव्हीडीएमध्ये एल दाबलं की पुढच्या यादीवर उडी बसते. "यादी, चार आयटम." परत एल. "यादी, तीन आयटम." पण कोणाची यादी? मथळे वरच राहून गेले. मग एच दाबून शीर्षकं शोधली, तर पुढे शीर्षकच नाही म्हणे. शेवटी मला फोन, "दाखला माझ्या नावाचा काढू की बाबांच्या?" चुकीच्या नावाचा दाखला जोडला तर अर्ज परत, आणि तोवर मुदत संपलेली. हे सगळं एका टॅगपायी.

तिथे मथळा म्हणून एक पी होता आणि त्यात स्ट्राँग. आपल्याला तो मथळा दिसतो, ब्राउझरच्या लेखी तो जाड अक्षरातला एक परिच्छेद. डब्ल्यूसीएजीचा १.३.१ हा निकष याचसाठी आहे: डोळ्यांना जी रचना दिसते ती कोडमध्येही हवी. आणि तो लेव्हल ए चा निकष आहे, म्हणजे सगळ्यात खालची पायरी.

आता गंमत बघा. टेबलला कॅप्शन आहे, फिगरला फिगकॅप्शन आहे, फील्डसेटला लेजंड आहे. यूएल तेवढं बिचारं पोरकं. १९९५ च्या एचटीएमएल ३.० च्या मसुद्यात एलएच नावाचा टॅग होता, लिस्ट हेडर. तो मसुदा बारगळला आणि एलएचही त्याच्याबरोबर गेला. तेव्हापासून जो तो आपापला जुगाड करतोय.

पहिला जुगाड म्हणजे एच-थ्री थेट यूएलच्या आत टाकणं. ब्राउझर काही तक्रार करत नाही, पण ते वैध नाही. यूएलच्या थेट आत एलआयच हवा (स्क्रिप्ट आणि टेम्प्लेट चालतात, ते सोडा). दुसरा जुगाड, मथळ्यालाच पहिला एलआय करणं. हे वैध आहे आणि माझ्या मते जास्त वाईट आहे, कारण चार कागदपत्रांची यादी "पाच आयटम" म्हणून वाचली जाते. ओएल असेल तर मथळ्यालाच एक नंबर मिळतो!

मी काय करतो? यादीच्या आधी, यादीच्या बाहेर, खरं शीर्षक. पानावर "आवश्यक कागदपत्रं" एच-टू असेल तर "अर्जदाराची" आणि "पालकांची" हे दोन एच-थ्री, प्रत्येकाखाली आपापलं यूएल. पातळी ठरते ती पानाच्या रचनेवरून. अक्षर लहान हवं म्हणून एच-फाइव्ह वापरणारे लोक मी पाहिलेत. अरे, त्यासाठी सीएसएस आहे ना!

पण एल दाबून थेट यादीत शिरणाऱ्याचं काय? त्यासाठी एच-थ्रीला एक आयडी द्यायचा आणि यूएलवर एरिया-लेबल्डबाय लिहून त्यात तोच आयडी. (एरिया म्हणजे क्षेत्रफळवालं नव्हे, ए-आर-आय-ए.) यादीला आता नाव मिळालं. ते कसं आणि कधी वाचलं जाईल हे स्क्रीन रीडर आणि ब्राउझरच्या जोडीवर अवलंबून असतं, म्हणून त्यावर भिस्त ठेवून शीर्षक गाळू नका.

प्रत्येक यादीला शीर्षक हवंच असंही नाही हं. "सोबत खालील गोष्टी आणा:" हे वाक्य आहे, ते पी मध्येच शोभतं. मी स्वतःला एकच विचारतो: एखाद्याला पानाच्या दुसऱ्या टोकावरून थेट इथे यावंसं वाटेल का? वाटेल तर शीर्षक. नाहीतर दर चार ओळींनी एच-थ्री येतो आणि एच दाबत जाणाऱ्याच्या वाटेत नुसते गतिरोधक.

डीएल आठवलं असेल काहींना. "शुल्क: १०० रुपये, मुदत: ३० दिवस" अशा नाव-माहितीच्या जोड्यांना ते झकास. पण डीटीच्या आत एच-थ्री टाकता येत नाही, त्यामुळे शीर्षकाची जागा ते घेऊ शकत नाही. आणि यादीत चेकबॉक्स असतील तर सरळ फील्डसेट आणि लेजंड वापरा.

अजून एक, कारण हे हमखास निसटतं. सीएसएसमध्ये लिस्ट-स्टाइल नन करून बुलेट काढले की सफारीत व्हॉइसओव्हर बऱ्याचदा ती यादी म्हणून सांगतच नाही. यूएलवर रोल म्हणून लिस्ट लिहिलं की परत सांगतो.

एनव्हीडीए फुकट आहे. आपलं एखादं पान उघडा, मॉनिटर बंद करा, आणि फक्त एच आणि एल दाबत "दाखला कोणाच्या नावाचा?" छापाचं उत्तर सापडतंय का बघा. पुढच्या भागात टेबल, तिथे तर आनंदीआनंद आहे.