डबी सीलबंद, म्हणून माल निर्दोष?

नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५च्या एप्रिलमध्ये लंडनला सदबीजच्या लिलावातून राज्य सरकारने घेतली, आणि जुन्या वस्तूंचा लिलाव नागपुरात चर्चेचा विषय झाला. अशा चर्चेत एक समज हमखास डोकावतो: प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, दर्जाचा आकडा लावून आलेलं कार्ड किंवा नाणं म्हणजे मूळ रूपात, कुणी फेरफार न केलेलं.

हे खरं नाही. सर्वांत गाजलेलं कार्डच बघा. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेलं, होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं. पीएसए कंपनीने दर्जा ठरवलेलं हे पहिलंच कार्ड. १०पैकी ८ मिळाले. २००७मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. पुढे लिलावदार बिल मास्ट्रोने कबुली दिली, की या कार्डाच्या कडा त्यानेच कापल्या होत्या आणि विकताना ते सांगितलं नव्हतं. खोट्या बोली लावण्यासह फसवणुकीच्या खटल्यात २०१५मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली. झिजलेली कड कापली की कार्ड नवंकोरं दिसतं. पकडलं गेलं नाही तर दर्जा उलट वाढतो.

शंका असली तर लिलावघराला ती सांगावीच लागते, असंही अनेकांना वाटतं. आपला १८७२चा करार कायदा वेगळंच सांगतो. कलम १७मधलं उदाहरण लिलावाचंच आहे: घोडा सदोष असल्याचं विकणाऱ्याला ठाऊक आहे, तो नुसता गप्प राहिला, तर ती फसवणूक नाही. मात्र घेणाऱ्याने आधीच बजावलं, की तुम्ही नाकारलं नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन, आणि तरीही विकणारा गप्प बसला, तर ते मौन बोलण्याइतकंच धरलं जातं. म्हणून बोलीआधी लेखी विचारा: कड कापल्याची, रंग भरल्याची, नाणं घासल्याची शंका तुम्हाला आहे का?

'जसं आहे तसं' या अटीने सगळं झाकलं जात नाही. माहीत असलेला दोष मुद्दाम दडवणं ही त्याच कलमाखाली फसवणूक आहे.

माझ्या मते डबीबंद वस्तूबाबत लिलावघराने न विचारताच सांगायला हवं. घोडा चालवून बघता येतो. कार्डाच्या कडेवर बोट फिरवायचं तर डबी फोडावी लागते, आणि मग दर्जाचा आकडाही जातो. सांगितल्याने विक्री बुडते, हा धाक खोटा आहे. घासलेल्या नाण्याला, नाण्यांचा दर्जा ठरवणारी एनजीसी कंपनी आकडा न देता 'डिटेल्स' असा शेरा देते. अशी नाणीही विकली जातात, फक्त त्यांच्या खऱ्या भावात.