अंबाजोगाईला जाल तेव्हा एवढे पाहून या



गळीत हंगाम आटोपला आणि ऊसबिलाचा हप्ता हाती आला की आपल्याकडे देवदर्शनाचे बेत निघतात. परळीचा वैजनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी तर आपल्या जिल्ह्यातलीच. योगेश्वरीचा मुख्य उत्सव मार्गशीर्षात, पौर्णिमेपर्यंत असतो. तो नेमका तोडणीच्या धांदलीत येतो. त्यामुळे नारळ फोडायचा, ओटी भरायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं, एवढंच बहुतेकांना जमतं. यंदा सवडीनं जा आणि देवीच्या दर्शनानंतर गावातली जुनी ठिकाणंही पाहा, अशी आमची विनंती आहे.

ऊस विकास खात्याला देवळांशी काय करायचं, असं कोणी म्हणेल. लागणीच्या नोंदीसाठी बांधाबांधानं फिरताना आम्हाला कोरीव दगड दिसतात. कुठे विहिरीच्या थारोळ्याला, कुठे गोठ्याच्या उंबऱ्याला, तर कुठे धुणं धुवायला. अक्षरं असलेल्या दगडावर विळे पाजळलेले आम्ही पाहिले आहेत. तो दगड काय सांगतो हे समजायचं, तर अंबाजोगाईसारखी शाळा दुसरी नाही.

आधी खोलेश्वराचं देऊळ पाहा. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत लढाईत पडला. त्या भावाच्या आठवणीसाठी खोलेश्वराच्या लेकीनं, लक्ष्मीनं, इथं देऊळ बांधवलं. ही हकिगत शके ११६२ च्या, म्हणजे इ. स. १२४० च्या शिलालेखात कोरलेली आहे. भावासाठी बहिणीनं केलेलं हे काम आज आपल्याला कळतं, ते केवळ तो दगड जागेवर राहिला म्हणून. त्याची कोणी पायरी केली असती, तर लक्ष्मीचं नावही उरलं नसतं.

तिथून सकलेश्वराला जा. लोक त्याला बाराखांबी म्हणतात. इथला लेख शके ११५० चा, म्हणजे इ. स. १२२८ चा आहे. आपण अशा देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, आणि महादेव गादीवर आला १२६० च्या सुमारास. म्हणजे ही देवळं त्याच्या आधीची आहेत. बांधणीची रीत मात्र तीच. चुना न वापरता एका दगडाला खाच, दुसऱ्याला त्या मापाची कूस, आणि वरच्या दगडाच्या भारानं खालचा दगड पक्का. म्हणूनच मधला एक दगड कोणी काढून नेला की भोवतालचे चार दगड खिळखिळे होतात. २०२४ च्या मार्चमध्ये राज्याच्या पुरातत्त्व विभागानं या आवारात उत्खनन केलं, तेव्हा आणखी दोन देवळांचे पाये उघडे पडले. जमिनीच्या पोटात अजून किती असेल, याचा यावरून अंदाज करावा.

गावाजवळच हत्तीखाना आहे. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचं झालं, ही कथा आपण आजीकडून ऐकलेली. ते वऱ्हाड हेच, असं लोक दाखवतात. प्रत्यक्षात ही डोंगर कोरून काढलेली शैव लेणी आहेत. अंगणात दगडी हत्ती, मध्ये नंदीचा मंडप. उन्हाळ्यात जाल तर सकाळी लवकर जा. एक तर दगड तापलेला नसतो, आणि तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं. शिलालेखही अशाच उजेडात वाचता येतात. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, कोळसा किंवा पीठ चोळू नये.

शेवटी दोन समाध्या. एक दासोपंतांची (१५५१ ते १६१५). कागद अपुरा पडावा एवढं लिहिणाऱ्या या दत्तभक्तानं चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचा विषय लिहून काढला. तीच प्रसिद्ध पासोडी. दुसरी समाधी मुकुंदराजांची. ती गावाबाहेर दरीत आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ इ. स. ११८८ मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा.

आता आपल्या गावाकडे या. शिलालेख म्हणजे त्या काळचा सातबारा. कोणी, कधी, कोणत्या देवाला किती जमीन दिली, तिच्या चतुःसीमा कोणत्या, हे पुष्कळ लेखांत असतं. आपला उतारा फाटला तर तलाठ्याकडून दुसरा मिळतो. हा उतारा एकदा फुटला की दुसरा नाही.

म्हणून सभासदांनी इतकं ध्यानात ठेवावं :

१) नांगरटीत किंवा विहीर खोदताना मूर्ती, नाणी वा लेखाचा दगड लागला तर काम तिथंच थांबवा. तहसील कचेरीला लेखी कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कळवलं तर सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला कायद्यानं वाटा मिळू शकतो. लपवलं तर वाटाही जातो आणि शिक्षाही होते. यात जमीन सरकारजमा होत नाही. ही भीती मनातून काढून टाका.

२) जुन्या मूर्ती परस्पर विकू नका. १९७२ च्या कायद्यानं त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो.

३) जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या देवळाला ऑइल पेंट फासू नका. रंगानं ओल आत कोंडते, दगडाचे पापुद्रे निघतात आणि नक्षी बुजते. शिखरावरचा पिंपळ लहान असतानाच काढावा. दगड हलवण्याआधी पुरातत्त्व विभागाला विचारावं.

नवीन देऊळ वर्गणीतून केव्हाही उभं राहील. आठशे वर्षांचा दगड मात्र कुठल्याही वर्गणीतून येणार नाही. अंबाजोगाईहून परत आलात की आपल्या पांढरीत, बांधावर, गोठ्यात एकदा नजर फिरवा. अक्षरांचा दगड दिसला तर आमच्या गटाच्या कर्मचाऱ्यास जरूर सांगा. अर्ज लिहायला आम्ही मदत करू.

— ऊस विकास अधिकारी